टॅलीचा एकच पासवर्ड सगळ्यांना? अजिबात नको

‘छोट्या धंद्यात टॅलीला वेगवेगळे युजर कशाला? मालकाचा पासवर्ड सगळ्यांना द्या, काम अडणार नाही’ असा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरबद्दलचा एक मेसेज व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. काल तो माझ्या मामेभावाकडे पोचला आणि पठ्ठ्या दुकानातले सगळे युजर काढून टाकायला निघाला! त्याला फोनवर समजावलं. पण तोच मेसेज अजून किती दुकानांत गेला असेल, म्हणून हे लिहितोय.

त्यातला सगळ्यात घातक मुद्दा असा: ‘आता एडिट लॉग आलाय, सरकारनेच सक्ती केलीय, कोणी काय बदललं ते आपोआप कळतं.’

कसं कळणार? एडिट लॉग म्हणजे सॉफ्टवेअरने आपोआप ठेवलेली बदलांची नोंद. तिच्यात एन्ट्री कधी झाली, कधी बदलली आणि कोणत्या युजरने बदलली एवढंच येतं. खुर्चीत कोण बसलं होतं ते सॉफ्टवेअरला दिसत नाही. समजा ४८,००० ची रोख पावती संध्याकाळी ३८,००० झाली. काउंटरवरचा मुलगा, अकाउंटंट आणि आठवड्यातून दोनदा येणारा जीएसटीवाला, तिघंही मालकाच्याच नावाने लॉगिन करतात. लॉग उघडला की नाव दिसणार मालकाचं. मग संशय जातो सगळ्यात नवीन, सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर. एका ठिकाणी मी हे डोळ्यांनी पाहिलंय. त्या मुलीची नोकरी गेली, आणि तिनेच केलं असं कोणालाही दाखवता आलं नाही. वेगळा युजर असता तर ती निर्दोष आहे की नाही हे पाच मिनिटांत कळलं असतं.

सक्तीचंही अर्धवट सांगितलंय. कंपनी (लेखे) नियम, २०१४ मधली एडिट लॉगची ती तरतूद १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि ती कंपन्यांना आहे. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला नाही. ऑडिटरने याबद्दल काय तपासावं यासाठी सीएंच्या संस्थेने, आयसीएआयने, मार्गदर्शिका काढली. तिच्यात अपेक्षित नियंत्रणांमध्ये स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक व्यक्तीला स्वतःचा युजर आयडी हवा आणि तो इतरांना वापरायला देऊ नये. म्हणजे ज्या नियमाचा आधार घेऊन पासवर्ड वाटायला सांगताय, त्याच नियमाची मार्गदर्शिका तुमच्या विरोधात जाते.

‘प्रत्येक युजरसाठी जादा लायसन्स घ्यावं लागतं’ हे साफ खोटं. टॅलीचं सिल्व्हर लायसन्स एका कॉम्प्युटरपुरतं असतं, पण त्यावर युजर हवे तेवढे बनवा, पैसा लागत नाही.

‘आमची माणसं विश्वासाची आहेत.’ असतीलच की! गल्ल्याची किल्ली तरी सगळ्यांकडे देता का?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. काही जण इतकी कुलपं घालतात की अकाउंटंट रजेवर गेला की साधं बिलही निघत नाही. तो त्रास खरा आहे, पण त्याला उपाय आहे. मालक, अकाउंटंट आणि काउंटर असे तीन रोल, म्हणजे कोणाला काय करता येईल त्याचे गट, करा. काउंटरला विक्रीची एन्ट्री द्या, नफा-तोटा आणि ताळेबंद बंद ठेवा. मागच्या तारखेची एन्ट्री किती दिवसांपर्यंत चालेल तेही टॅलीत रोलनुसार ठरवता येतं. काउंटरला एक दिवस पुरतो. आणि मालकाएवढेच अधिकार असलेला दुसरा युजर घरातल्या एखाद्या माणसाच्या नावाने, त्याच्या स्वतःच्या पासवर्डने करून ठेवा, म्हणजे तुम्ही गावाला गेलात तरी दुकान अडणार नाही.