ताई, हॉलमधली भेग आमच्या चुकीनं पडली

ताई, नमस्कार. वर्षाच्या आत हॉलच्या मोझॅकला दारापासून खिडकीपर्यंत भेग गेली, ओट्याजवळची चमक गेली, मागच्या भिंतीकडेला पांढरे डाग आले, आणि विचारल्यावर आमचा मिस्त्री "मोझॅकला भेग पडतेच" म्हणाला, असं तुम्ही लिहिलंय. सगळ्यांसारख्या व्हिट्रिफाइड टाइल्स घ्यायला हव्या होत्या, असंही लिहिलंय. मंगळवारी मी स्वतः येऊन फरशी पाहिली, म्हणून आता उत्तर देतोय.

मिस्त्रीचं ते उत्तर चुकीचं होतं. नीट केलेल्या मोझॅकला अशी भेग पडत नाही. उन्हात वरचा थर घाईनं वाळला तर केसासारखी बारीक जाळी येते. तुमची भेग तशी नाही. तिच्यावरून बोट फिरवलं की एक बाजू किंचित खाली लागते. म्हणजे खालचा भराव बसलाय. तुमचं घर काळ्या मातीवर आहे. परभणीकडची ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. अशा जागी जोत्यात मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाकून, पाणी सोडून, धुम्मस करून म्हणजे ठोकून घट्ट दाबून घ्यावा लागतो. भराव मे महिन्यात दुसऱ्या ठेकेदारानं टाकला होता आणि आम्ही जूनमध्ये फरशी ओतली. एक पावसाळा जाऊ द्या, असं मी म्हणायला हवं होतं. वास्तुशांतीची तारीख ठरली होती, म्हणून बोललो नाही.

दुसरी चूक पट्ट्यांची. जागेवर ओतलेल्या मोझॅकमध्ये काचेच्या किंवा पितळी पट्ट्या टाकून साधारण दोन मीटरच्या आत कप्पे पाडायचे असतात. पट्ट्यांनी नक्षी होते हे खरं, पण मुख्य काम म्हणजे फरशी हलली तर भेग पट्टीच्या रेषेत राहते. तुम्हाला बारा बाय अठरा फुटांचा हॉल सलग हवा होता आणि मी हो म्हटलं. तुम्ही दिसण्याचं सांगितलंत. धोका सांगणं माझं काम होतं.

ओट्याजवळची चमक गेली म्हणून तुमच्या कामवाल्या मावशींना बोलू नका. मोझॅकमधली खडी संगमरवराची असते, तिला लिंबू, चिंच, दही लगेच खातं, मग बाथरूमचं ॲसिड तर विचारूच नका. घराचा ताबा देतानाच आम्ही हे लिहून द्यायला हवं होतं. खरं तर स्वयंपाकघरापुरतं तुमचं म्हणणं मला पटतं. तिथं व्हिट्रिफाइड किंवा ग्रॅनाइटच बरं. शहाबादी आणि कोटाही चुनखडीचेच दगड, त्यांनाही आंबट चालत नाही.

पांढरे डाग क्षारांचे आहेत. ओल वर येते, वाळते आणि क्षार मागे ठेवते. आपल्या बोअरच्या पाण्यानं ते वाढतात. कोरड्या ब्रशनं झाडा, मग साध्या पाण्यानं पुसा. त्या भिंतीमागं अंगणाचं पाणी साचतं, त्याला आधी वाट काढावी लागेल. नाहीतर कितीही पॉलिश केलं तरी डाग परत येतील.

हॉलसाठी मात्र मी आजही मोझॅकच सुचवीन. चैत्र-वैशाखात लेकरं अनवाणी फिरतात तेव्हा ती फरशी पायाला गार लागते. आणि टाइल खराब झाली तर काढून फेकावी लागते, मोझॅक पुन्हा घासता येतं. चाळीस वर्षांच्या जुन्या फरशा आम्ही ६०, १२०, ३२० नंबरच्या दगडांनी घासून, पॉलिश करून दिल्यात. आतली खडी पुन्हा तशीच उठून दिसते.

तुमच्या हॉलमध्ये भेगेच्या बाजूनं सरळ कापून पितळी पट्टी बसवू, त्याच खडीचा माल भरू आणि सात दिवस पाणी मारून मग पूर्ण हॉल घासू. ओट्याजवळचा भागही त्यातच होईल. खर्च आमचा. भरलेला पट्टा थोडा वेगळा दिसेल. जुन्या मालाला नवा रंग हुबेहूब जुळत नाही, हे आधीच सांगतो. त्यासाठी दोन-तीन नमुने करून आणतो, निवड तुम्ही करा. तुमच्याकडचा शेवटचा हप्ता काम पाहून समाधान झाल्यावरच द्या.

काम दिवाळीनंतर घेऊ. आता माती फुगलेली आहे, आत्ता भरलं तर ती उतरताना पुन्हा तडा जाईल. तोवर कुणी सांगितलं तरी भेगेत पांढरं सिमेंट भरू देऊ नका. ते खरवडताना कडेची खडी निघते आणि कापायचा पट्टा रुंद होतो.