ऑब्लिटरेटरच्या चार प्रती कशासाठी?

सोलापुरात ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्यांच्या मोबाईलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. एकरंगी काळा डेक (म्हणजे फक्त काळ्या रंगाच्या कार्डांचा गठ्ठा) बांधायचा असेल तर ‘फायरेक्सियन ऑब्लिटरेटर’ या क्रीचरच्या, म्हणजे लढणाऱ्या प्राण्याच्या कार्डाच्या, चारही प्रती डोळे झाकून घालाव्यात. त्याला हात लावणारा स्वतःच संपतो, त्याला अडवता येत नाही आणि एकाच रंगाच्या डेकमध्ये तो चौथ्या टर्नला हमखास उतरतो, असा त्याचा आशय आहे. मी स्वतः काळा डेकच खेळतो आणि हे कार्ड मला आवडते. तरीही या तीन विधानांपैकी एकही जसेच्या तसे टिकत नाही.

२०११ च्या ‘न्यू फायरेक्सिया’ संचातले हे क्रीचर ५/५ आहे (पहिला आकडा ताकदीचा, दुसरा सहनशक्तीचा), त्याला ट्रॅम्पल आहे, म्हणजे अडवणाऱ्याला मारून उरलेला मार पलीकडच्या खेळाडूला बसतो, आणि त्याची किंमत चार काळे मॅना (कार्डे खेळण्यासाठी लागणारी ऊर्जा) इतकी आहे. त्याला जितके डॅमेज होईल तितकी पर्मनंट (टेबलावर मांडलेली कार्डे) ते डॅमेज करणाऱ्याला सॅक्रिफाइस करावी, म्हणजे स्वतःहून गमवावी लागतात. सगळी भिस्त ‘डॅमेज’ या एका शब्दावर आहे. ‘लाइटनिंग बोल्ट’ मारणाऱ्याची तीन पर्मनंट जातात, हे खरेच. पण ‘स्वोर्ड्स टू प्लोशेअर्स’ त्याला एका पांढऱ्या मॅन्यात खेळाबाहेर काढते आणि ‘अनसमन’ एका निळ्या मॅन्यात हातात परत पाठवते, व दोन्ही वेळा समोरच्याला काहीही गमवावे लागत नाही. त्यातली गंमत अशी की त्याच संचातले ‘डिसमेंबर’ हे कार्ड त्याला -५/-५ करून मारते आणि एक मॅना व चार लाइफ (खेळाडूचे प्राणगुण) मोजण्याची तयारी असेल तर ते कोणत्याही रंगाच्या डेकला खेळता येते.

अडवता येत नाही, या दाव्याचे उत्तर मला जुळे सोलापुरातल्या एका मित्राच्या घरी मिळाले. जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर डाव रंगला होता (चादरीच्या जाड विणीवर पत्ते सरकत नाहीत, हा तिचा एक फायदा) आणि माझ्या ऑब्लिटरेटरसमोर त्याने ‘वॉल ऑफ ओमेन्स’ ठेवली. ही भिंत ०/४ आहे. तिची ताकद शून्य असल्यामुळे ती डॅमेज करत नाही, म्हणून सॅक्रिफाइसचा प्रश्नच येत नाही. ट्रॅम्पलमुळे पलीकडे पोहोचते ते फक्त एक डॅमेज. शिवाय उतरताना तिने मित्राला एक कार्डही मिळवून दिले होते. वीस लाइफमधले एक कमी झाले, एवढीच त्या धडकेची कमाई.

हमखास उतरण्याचा दावा तर हिशेबातच बसत नाही. साठ कार्डांच्या डेकमध्ये चोवीस लँड (मॅना देणारी कार्डे) असतील, सगळ्या स्वॅम्प, म्हणजे काळा मॅना देणाऱ्या असतील आणि आपण पहिले खेळत असू, तर चौथ्या टर्नपर्यंत दहा कार्डे दिसतात. त्यांत किमान चार स्वॅम्प येण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के आहे. डेकमधल्या चोवीसांपैकी चार स्वॅम्प काढून ‘म्युटाव्हॉल्ट’सारख्या रंगहीन मॅना देणाऱ्या लँड घातल्या की ती ४४ टक्क्यांवर घसरते. एकरंगी डेकलाही किंमत मोजावी लागते, ती इथे.

मग हे कार्ड टाकाऊ आहे का? मुळीच नाही. लाल आणि हिरव्या डेकसमोर, जिथे समोरच्याची बहुतेक उत्तरे डॅमेजचीच असतात, तिथे ते अनेकदा एकट्याने डाव फिरवते. शिवाय त्याच्या किमतीतली चार काळी चिन्हे डिव्होशनमध्ये (टेबलावरच्या आपल्या कार्डांच्या किमतींतल्या एका रंगाच्या चिन्हांच्या बेरजेत) मोजली जातात, ही बाजू त्या संदेशात आलेलीच नाही. ‘ग्रे मर्चंट ऑफ अ‍ॅस्फोडेल’ हे क्रीचर उतरताना या बेरजेइतके लाइफ काढून घेते; त्याची स्वतःची दोन चिन्हे धरून, ऑब्लिटरेटर टेबलावर असताना तो उतरला की प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे सहा लाइफ जातात आणि गेलेले सगळे आपल्याला मिळतात, तेही हल्ला न करता, म्हणजे समोर भिंत असो वा नसो. मात्र त्यासाठी ऑब्लिटरेटर तोपर्यंत जिवंत राहायला हवा. म्हणून पांढऱ्या-निळ्या डेकची शंका असली की मी मर्चंट चार ठेवतो, ऑब्लिटरेटर दोनच, आणि उरलेले दोन पंधरा राखीव कार्डांच्या साइडबोर्डमध्ये लाल डेकची वाट पाहतात.