गोलकीपर विकून झाल्यावर

समजा तुम्ही आइस हॉकीच्या एका टीमचे मालक आहात. (गवतावरची हॉकी नव्हे, बर्फावरची. तिथे चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते आणि ती तोंडावर बसली की दात जातात.) तुमच्याकडे जगातला सगळ्यात भारी गोलकीपर आहे आणि नेमका तोच नकोसा झालाय. घाबरू नका. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सनी १९९५ साली सगळा कित्ता घालून ठेवलाय, तुम्ही फक्त गिरवा.

आधी वातावरणनिर्मिती. हंगाम सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले की जनरल मॅनेजर आणि कोच दोघांनाही घालवा. नवे नेमताना अनुभवाची अट घालू नका. रेजां हूल खेळाडू म्हणून मोठा, पण मॅनेजर होण्याआधी बिअर कंपनीत नोकरीला. कोच मारियो ट्रेंब्लेनं एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या बड्या आइस हॉकी लीगमध्ये, कधी कोचिंग केलेलं नव्हतं, वर गोलकीपर पॅट्रिक रुआशी त्याचं जुनं वाकडं. असा योग पत्रिका बघूनही साधत नाही.

आता घरच्याच मैदानावर डेट्रॉइटकडून मार खा. २ डिसेंबरला २६ फटक्यांत नऊ गोल होईपर्यंत ट्रेंब्लेनं रुआला आत उभं ठेवलं. मध्येच त्यानं एक साधी चकती अडवली तर प्रेक्षकांनी खवचट टाळ्या वाजवल्या. त्यानं दोन्ही हात वर करून त्या स्वीकारल्या. अखेर बाहेर काढल्यावर तो कोचसमोरून तसाच पुढे गेला, मागे बसलेल्या क्लबच्या अध्यक्षांकडे वाकला आणि मॉन्ट्रियलकडून हा आपला शेवटचा सामना, असं सांगून टाकलं. सामना ११-१ असा हरला, हे जाता जाता.

इथे पोक्त माणूस आठवडाभर थांबतो, चहा पितो. तुम्ही थांबू नका. उतावळ्या नवऱ्यासारखं गुडघ्याला बाशिंग बांधून चौथ्या दिवशी सौदा उरका. आपल्याला घाई आहे हे गिऱ्हाइकाला आधी कळू द्या, म्हणजे घासाघीस वाचते. गिऱ्हाईकही बघून निवडा. कॉलोरॅडो म्हणजे कालपरवापर्यंतचं क्विबेक नॉर्डिक्स, तुमचा पिढीजात वैरी, नुकतंच बिऱ्हाड हलवलेला. गोलकीपरवर कॅप्टन माइक कीनही देऊन टाका. लेकीची पाठवणी रिकाम्या हातानं करत नाहीत.

बदल्यात तीन खेळाडू मिळतील. त्यातला वीस वर्षांचा गोलकीपर जोसेलिन तिबो म्हणजे तुमचं भविष्य. पत्रकारांनी काहीही विचारलं तरी ‘भविष्य’ म्हणा. भविष्याला आकडे नसतात ही त्यातली मोठी सोय. जूनमध्ये रुआ तीन जादा डाव चाललेल्या सामन्यात ६३ फटके अडवून कॉलोरॅडोला स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, मिळवून देईल, तेव्हा टीव्ही बंद ठेवा. तीन वर्षांनी हेच भविष्य शिकागोला पाठवायचं आहे, हेही आत्ता बोलू नका.

खरा कस पुढे लागतो. एवढं करूनही घरात एखादा चांगला गोलकीपर निपजतोच. होसे थिओडोरनं २००२ मध्ये सर्वोत्तम गोलकीपरचं आणि मौल्यवान खेळाडूचं, दोन्ही बक्षिसं पटकावली. खचू नका. २००६ मध्ये त्यालाही कॉलोरॅडोलाच द्या आणि बदल्यात डेव्हिड एबिशर घ्या. हा कोण? तिकडे रुआ खेळत असताना बाकावर बसायचा, तो. मूळ माल घालवून त्याची स्टेपनी मिळवायला मॉन्ट्रियलला दहा वर्षं लागली. तुम्ही मनावर घेतलंत तर लवकर जमेल.

२००८ च्या नोव्हेंबरात मॉन्ट्रियलनंच रुआची ३३ नंबरची जर्सी समारंभानं छताला चढवली, म्हणजे तो नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही. तुमच्याकडे हा दिवस येईल तेव्हा पहिल्या रांगेत बसा. सगळे उठले की तुम्हीही उठा, टाळ्या वाजवा. फक्त या वेळी खवचट नकोत.