ग्राइंडरचं गार्ड काढता कशाला, ते सांगा

एकच विचारतो, सरळ उत्तर द्या. ग्राइंडरचं गार्ड, चाकावरचं ते पत्र्याचं झाकण, तुम्ही काढता कशाला?

आमच्या बेळगावात उद्यमबागेत जावा, मच्छेत जावा, तिकडं खानापूर-निपाणीला गेट न ग्रिल करणाऱ्या कुठल्याबी शेडात जावा, एजी फोर मशीन, म्हणजे हातातलं चार इंची ग्राइंडर, उचलून बघा, गार्ड गायब. साइड हॅंडल बी गायब. नवीन मशीन बॉक्समधनं निघतंय तेव्हा दोन्ही असतंय की, मग संध्याकाळपर्यंत जातंय कुठं? मी काम करतोय तितं गार्डं खिळ्याला अडकवून ठेवल्यात ओळीनं, धूळ खायलेत, आणि मालकाला विचारलं तर म्हणतोय, "अडचण होतंय ओ, काम सरत नाही." हेल्परची बोटं गेली की काम सरतंय काय?

कोपऱ्यात चाक जात नाही म्हणतात. अरे मग गार्ड फिरवा की, ते फिरवायलाच दिलंय, क्लॅम्प ढिला करायचा, पाहिजे तसं वळवायचं, परत आवळायचं, दोन मिनिटं बी लागत नाहीत. पण खरं कारण ते नसतंयच. खरं कारण म्हणजे चार इंची मशीनला सात इंची चाक लावायचं असतंय, आणि हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाती. गार्ड असलं की चाक बसत नाही म्हणून गार्ड काढलं. बसत नाही म्हणजे लावू नको म्हणून सांगायलंय की ते!

जरा चाकावर काय लिहिलंय ते वाचा तरी. सात इंची चाकावर ८५०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांच्या, आसपास आकडा असतोय. तेवढ्यावर फिरलं की चाकाची कड सेकंदाला ८० मीटर पळती, म्हणजे ताशी २८८ किलोमीटर, आणि ती तेची शेवटची हद्द आहे, तेच्यापुढं कंपनी बी हमी देत नाही. चार इंची मशीन फिरतंय ११००० ला. तेच्यावर हे चाक चढवलं की कड सेकंदाला १०० मीटरच्या वर जाती, ताशी पावणेचारशेच्या जवळ. आणि वेग वाढला तेवढाच ताण वाढतोय असं समजू नका, ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतोय, म्हणजे दीड पटीच्याबी वर. मग चाक फुटतंय, तुकडे उडतात, आणि ते अडवायला जे पत्र्याचं गार्ड दिलंवतं ते खिळ्याला लटकायलंय.

कुणीतरी म्हणणार, झिजलेलं लावतोय आम्ही, झिजून पाच इंची झालंय, वेगाचं भागतंय. बरं, वेगाचं भागलं, भोकाचं काय? पाच न सात इंचीच्या चाकाचं भोक २२ मिलीचं, चार इंचीच्या चाकाचं १६ मिलीचं. मग वायसर घाल, टेप गुंडाळ, चाक मधोमध बसतच नाही, मशीन असं थरथरतंय की हात बधीर होतोय, आणि वरनं म्हणायचं "चालतंय बा." लाकडाची दातवाली पाती ग्राइंडरला लावणाऱ्यांना तर हात जोडतो, ते दात लाकडात अडकले की मशीन कुणाच्या बापाला आवरत नाही.

साइड हॅंडलचं बी तेच. एका हातानं कापायचं आणि दुसऱ्या हातानं पाइप धरायचा, ह्यालाच हुशारी म्हणतात. पाइप दोन्ही टोकाला टेकवून मधी कापायला घेतला की आपल्याच वजनानं काप मिटतोय, चाक आवळतंय आणि मशीन उसळून अंगावर येतंय. एका मनगटात ते आवरत नाही, कितीबी तालीम केलेला असूदे. काप टेक्याच्या बाहेर घ्या, म्हणजे कापलेला तुकडा खाली पडतोय आणि फट उघडी ऱ्हाती, आणि पाइप व्हाइसमध्ये बांधा, एवढंच म्हणणं आहे. आणि ते एक मिलीचं कटिंग चाक वेल्ड साफ करायला आडवं घासू नका ओ, तेला बाजूनं दाब सोसत नाही, घासायचं जाड चाक वेगळं मिळतंय.

आमच्या भागात आणखी एक अडचण, पाऊस. जूनपासनं पत्र्याच्या शेडात चाकं ओलीत पडलेली असतात, राळेनं जोडलेलं चाक ओल धरलं की कमजोर होतंय. मधल्या लोखंडी रिंगेवर महिना न वर्ष ठोकलेलं असतंय, साधारण तीन वर्षांची मुदत, ते वाचायचं सोडून "नवीन दिसतंय की" म्हणून लावतात. आणि लाइट! लाइट गेली की मशीन तसंच टेबलावर ठेवून चहाला जातात, सरकता स्विच चालूच. लाइट आली की मशीन आपोआप सुरू होऊन टेबलावरनं उडी मारतंय, तितं हेल्पर वाकून बसलेला असतोय. स्विच बंद करा, प्लग काढा, चाक बदलताना तर काढाच. ह्याला पैसा लागत नाही.

डोळ्याचं तर बोलायलाच नको. साधा नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हं, बाजूनं ठिणगी आत जाती. डोळ्यात लोखंडाचा किस गेला की दोस्त रुमालाचं टोक पिळून काढायला बसतोय, लोखंडाचा कण बुबुळावर काही तासांत गंज धरतोय हे तेला ठाऊक नसतंय. डॉक्टरकडं जायचं असतंय तवा. बंद गॉगल आणि वर फेस शील्ड, दोन्ही पाहिजे, चाक फुटलं तर नुसत्या गॉगलनं तोंड वाचत नाही.

१९४८ च्या फॅक्टरी अॅक्टमध्ये कलम ३५ डोळ्यांसाठीच घातलं होतं, आणि कलम ३० मध्ये म्हटलं होतं की घासायच्या प्रत्येक मशीनजवळ चाकाच्या वेगाची पाटी लावायची. कुठं बघितलाय काय तुम्ही ती पाटी? १९५६ पासनं आम्ही हितं पाटी कुठल्या भाषेत पाहिजे म्हणून भांडतोय, आणि ते भांडण मला बी लागतंय, पण शेडात ही पाटी मराठीत नाही, कन्नडात नाही, हिंदीत बी नाही, आणि उत्तरेकडनं आलेलं पोरगं, खानापूरच्या खेड्यातलं पोरगं, बैलहोंगलचं पोरगं, सगळी त्याच उघड्या चाकासमोर उभी. दहा माणसांच्या आतली शेडं तर त्या कायद्याच्या बाहेरच होती, म्हणून मालकाला भीती बी नाही.

आणि "गार्ड हरवलंय" हे तर सांगूच नका. मशीनचा मॉडेल नंबर दुकानदाराला सांगा, गार्ड न हॅंडल सुटं मागवून देतोय. माझ्या मालकाला मागवायचं बी नाही, भिंतीवरनं काढून लावायचंय. ते लावेपर्यंत मी तितं कटिंगला हात लावणार नाही, हे तेला तोंडावर सांगून आलोय.