भाडेकरूचा एचआयव्ही रिपोर्ट मागायचा? कुठल्या कायद्याने?

वर तीन लाल सायरन, खाली ‘जनहितार्थ’, असा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. काल तो सांगलीच्या आत्याने मला पाठवला. वर विचारलं, “माडीवरची खोली द्यायची आहे, त्या पोराकडे रिपोर्ट मागू का रे?” आत्या चांगली शहाणी बाई आहे, म्हणून माझं डोकं जास्तच फिरलं.

मेसेजचं म्हणणं असं: नव्या कायद्याने एचआयव्हीबाधितांना आजार लपवायची मोकळीक दिली आहे, नवऱ्या-बायकोलाही सांगता येत नाही, म्हणून घरमालकाने आधार आणि पोलीस पडताळणीसोबत एचआयव्ही रिपोर्टही घ्यावा, तो त्याचा हक्क आहे, आणि अशांना वेगळं ठेवणं हाच उपाय.

‘नवा’ कायदा म्हणजे एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, तो 2017 चा आहे. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे.

आता तो रिपोर्टचा ‘हक्क’. मेसेज लिहिणाऱ्याने कायद्याचं कलम 3 उघडूनही पाहिलेलं नाही. एचआयव्ही आहे म्हणून घर भाड्याने न देणं, दिलेलं काढून घेणं, राहणाऱ्याला वेगळी वागणूक देणं, या सगळ्याला तिथे भेदभाव म्हटलंय आणि मनाई केली आहे. कलम 5 म्हणतं, संमतीशिवाय तपासणी नाही. कलम 8 म्हणतं, कोर्टाने न्यायासाठी आवश्यक ठरवल्याशिवाय कुणालाही आपली स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही. म्हणजे हक्क आहेच, फक्त तो भाडेकरूचा आहे! आणि रिपोर्ट घेऊन मालक करणार काय? एका छताखाली राहून, एका नळाचं पाणी भरून, एकच संडास वापरून एचआयव्ही होत नाही. डासांनीही होत नाही, हे अजून सांगावं लागतं.

जोडीदाराचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य करतो. आधी समुपदेशन, मग रुग्ण स्वतः सांगणार नाही अशी खात्री, मग ‘आता मी सांगणार’ अशी त्याला पूर्वसूचना. एवढं झाल्यावर, जोडीदाराला लागण होण्याचा मोठा धोका असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशक सांगू शकतात. पण जोडीदाराला शोधून काढायचं बंधन त्यांच्यावर नाही. त्यामुळे एखादी बाई अंधारात राहू शकते, हे खरं. तरी ‘सांगताच येत नाही’ हे साफ खोटं. आणि ‘मोकळीक’ म्हणाल तर, लागण पुढे जाऊ नये म्हणून काळजी घेण्याची जबाबदारी कलम 10 ने रुग्णावरच टाकली आहे. सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचार केंद्रात, 2004 पासून औषधं फुकट मिळतात. ती नियमित घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, की शरीरसंबंधातूनही लागण होत नाही.

राहिलं वेगळं ठेवणं. ते गोव्याने करून पाहिलंय. तिथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात बाधितांना अलग ठेवायची तरतूद होती. 1989 मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी उचललं आणि क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात 64 दिवस डांबलं. तो सुटला कोर्टात दाद मागितल्यावर. त्याला एचआयव्ही आहे हे कळलं होतं ते रक्तदानामुळे. तो स्वतःहून, नेमाने रक्त द्यायचा. हे पाहिल्यावर तपासणीला आपल्या पायांनी कोण गेलं असतं?