तिकीट फाडलं, पण माणूस चढलाच नाही

आम्ही चौघे आमच्या एफसी गोवा संघाच्या फुटबॉलवर एकत्र लिहितो. म्हणजे खरोखरच एकत्र. सामना संपला की फातोर्ड्याच्या स्टेडियमवरून फोंड्याला येताना, एकाच गाडीत, एकाच मोबाईलवर. फार्मसीवाला गाडी हाकतो, मास्तर शुद्धलेखन बघतो, कदंब बसचे निवृत्त कंडक्टर असलेले काका मागे बसून पिंका टाकतात आणि मी टाईप करतो. ओरडतो कोंकणीत, लिहितो मराठीत. शिव्या आपोआप मवाळ होतात.

लोक विचारतात, तुमच्यात विनोदी कोण? खरं सांगू? कोणीच नाही. एकटा लिहायला बसलो तर मी रडगाणं गातो, मास्तर निबंध पाडतो आणि फार्मसीवाला रेफरीच्या घराण्याचा उद्धार करतो. गाडीत बाकीचे तिघे ऐकत असतात म्हणून प्रत्येकाचं थोडं थोडं छाटलं जातं. उरतं ते तुम्ही वाचता.

22 ऑक्टोबर 2025, पाडव्याचा दिवस. रोनाल्डोचा सौदी संघ अल नासर फातोर्ड्यात खेळायला आला, पण रोनाल्डोशिवाय. कित्येक दिवस गावभर एकच विषय होता, आणि ऐनवेळी कळलं की साहेब येत नाहीत. आम्ही 1-2 हरलो. परतताना मी संतापाचे तीन परिच्छेद लिहून मोठ्याने वाचले. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिकीट फाडलं, पण माणूस चढलाच नाही." मी तिन्ही परिच्छेद पुसले. मास्तरने भर घातली, "तो असता तर आपले बचावपटू निदान सही घ्यायला तरी त्याच्याजवळ गेले असते." ब्रायसन फर्नांडिसने गोल मारला होता, त्याचं मात्र सरळ कौतुक लिहिलं. तिथे कोणी जोक सुचवला नाही.

जिंकल्यावर आमचं लेखन अगदीच पुळचट होतं. 2021 मध्ये कोलकात्यात मोहम्मेडनला हरवून ड्युरँड कप आणला, तेव्हाची पोस्ट शोधून वाचा. प्रमुख पाहुण्याचं भाषण वाटेल.

मध्यंतरी एका गृहस्थांनी सुनावलं, "आपल्याच संघाची टिंगल करता, बाहेरच्यांपुढे लाज काढता." अहो, रांगेत उभं राहून तिकीट आम्ही काढतो, घसा आम्ही बसवतो, मग टिंगल काय शेजाऱ्यांनी करायची? पण कुठे थांबायचं तेही आम्हाला कळतं. एकदा तरी कळलं होतं.

20 डिसेंबर 2015, इंडियन सुपर लीगची चेन्नईयनविरुद्धची अंतिम लढत, फातोर्डा. 87व्या मिनिटाला आम्ही 2-1 पुढे. काका तेव्हा नोकरीत होते, दुसऱ्या दिवशीची रजा त्यांनी तिथेच मनातल्या मनात मंजूर करून टाकली. मग 90व्या मिनिटाला आमच्याच गोलरक्षकाकडून स्वयंगोल, पाठोपाठ चेन्नईयनचा तिसरा. खलास.

गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. बोरीच्या पुलावर फार्मसीवाल्याने त्या गोलरक्षकावर एक वाक्य टाकलं. असलं जबरदस्त की आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मी ते टाईपही केलं. तेवढ्यात काका हळूच म्हणाले, "आमचोच भुरगो रे तो." आपलंच पोर.

मी पुसलं. चौघांनाही ते वाक्य अजून तोंडपाठ आहे. विचारू नका.