ताब्लाओत दिसतं तेही खरंच फ्लामेंको

स्पेनला निघालेल्या आपल्याकडच्या प्रवाशांच्या व्हॉट्सॲप गटांवर फ्लामेंको या तिथल्या गाणं, नाच आणि गिटारच्या कलेबद्दल एक सल्ला हमखास फिरतो. तिकीट लावून ताब्लाओत, म्हणजे लाकडी मंचाच्या छोट्या नृत्यगृहात दाखवतात ते पर्यटकांसाठीचं नकली फ्लामेंको. अस्सल पाहायचं तर ग्रनाडा शहरातल्या गुहांत जा, जिप्सींच्या घरगुती मैफलीत शिरा. मुळात ते आपलं कथकच आहे. गाणं काही कळत नाही, तेव्हा नाच बघा आणि टाळ्या वाजवून मजा लुटा. या सल्ल्यापायी माणसं हाताशी असलेली चांगली मैफल सोडतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

पैसे घेतले की कला खोटी, हा पहिला दावा. पण आज आपण ओळखतो ते फ्लामेंको घडलंच मुळी पैसे देणाऱ्या श्रोत्यांसमोर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेव्हिल, हेरेस, कादिस, माद्रिद इथे गाण्याचे कॅफे चालत. सिल्वेरियो फ्रांकोनेत्ती या मोठ्या गायकाने सेव्हिलमध्ये स्वतःचा कॅफे काढला होता. तिथे रोज रात्री गायक एकमेकांशी चुरशीने गात. त्यातून गाण्याचे प्रकार पक्के झाले, गिटारची साथ बहरली, पायांचं काम धारदार झालं. ‘धंद्याने फ्लामेंको बिघडवलं’ ही तक्रारही जुनीच. १९२२ मध्ये संगीतकार मानुएल दे फाया आणि कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांनी पुढाकार घेऊन ग्रनाडाच्या अलाम्ब्रा या जुन्या राजवाड्यात जुन्या, गंभीर गायकीची स्पर्धा भरवली आणि धंदेवाईक गायकांना तिच्यापासून दूर ठेवलं. तिथे बक्षीस मिळवलेला पोरगा मानोलो काराकोल. त्याच काराकोलने १९६३ मध्ये माद्रिदला आपला ताब्लाओ उघडला. पुढे कामारोन दे ला इस्ला हा नामवंत गायकही माद्रिदच्या ‘तोरेस बेर्मेखास’ या ताब्लाओत कित्येक वर्षं गात होता. या माणसांना नकली म्हणायची माझी तरी छाती नाही.

ताब्लाओची खरी गंमत वेगळीच आहे. मोठ्या नाट्यगृहातला प्रयोग बहुतेक वेळा आधी बसवलेला असतो. इथे मात्र पुष्कळदा गायक, गिटारवादक आणि नर्तकी फारशा तालमीशिवाय समोरासमोर येतात. गायक कडवं गात असताना नर्तकी पाय आवरते, हात आणि पाठ बोलू देते. कडवं संपलं की ती पायांच्या ठेक्यांनी त्याचा समारोप करते. नवं कडवं हवं असेल तर ठरावीक ठेक्याने गायकाला बोलावते. हे सगळं तिथल्या तिथे ठरतं. तीन हातांवर बसून ही देवघेव पाहायला मिळणं हे मोठं भाग्य आहे.

वाईट कार्यक्रमही असतात, हे मान्य. बसभर माणसं, ताटात जेवण, घाईघाईत उरकलेला नाच. ते टाळावेत. कलाकारांची नावं आधी जाहीर करणारी, जेवण न वाढणारी, ध्वनिवर्धकाशिवाय चालणारी छोटी जागा निवडावी.

गुहांचं म्हणाल तर ग्रनाडातल्या साक्रोमोन्तेच्या गुहांत पाहुण्यांसाठी नाचगाणं एकोणिसाव्या शतकापासून चालत आलंय. १९६३ च्या पुरानंतर तिथली पुष्कळ कुटुंबं दुसरीकडे हलवली गेली. आज तिथेही तिकीटच काढावं लागतं आणि त्यात गैर काही नाही. कुणाच्या लग्नात किंवा बारशात आगंतुकासारखं शिरणं मात्र गैरच. रसिकांची संगत हवी असेल तर ‘पेन्या’ नावाची रसिक मंडळं आहेत. ग्रनाडाची ‘ला प्लातेरिया’ १९४९ पासून चालू आहे.

आता कथक. स्पेनमधल्या जिप्सींची, म्हणजे रोमा लोकांची (तिथे त्यांना हितानो म्हणतात), मूळ भाषा भारतीय कुळातली, हे खरं. त्यांचे पूर्वज वायव्य भारतातून सुमारे हजार वर्षांपूर्वी निघाले आणि स्पेनमध्ये त्यांची नोंद १४२५ मध्ये सापडते. फ्लामेंको मात्र त्यानंतर काही शतकांनी स्पेनच्या दक्षिणेकडच्या आंदालुसिया प्रांतात आकाराला आलं. त्यात हितानो गायकी आहे, तिथली लोकगीतं आहेत, अमेरिका खंडातून परतलेल्या चाली आहेत. हल्ली दिसणारा काखोन हा हाताने वाजवायचा लाकडी खोका तर पेरू देशाचा, १९७० च्या दशकात आलेला. सोलेआ या गाण्याच्या प्रकाराचं आवर्तन बारा मात्रांचं म्हणून एकताल आठवतो, पण तिचे आघात तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर पडतात, घडणच निराळी. मला यात जास्त खटकतं ते दुसरंच. १७४९ मध्ये राजाज्ञेने हजारो हितानोंना एकाच मोहिमेत पकडून डांबलं गेलं. तुरुंग, बेड्या, ताटातूट त्यांच्या जुन्या गाण्यांत आहे. ‘हे आपलंच’ म्हणताना त्यांनी तिथे सोसलेलं आणि तिथे घडवलेलं आपण पुसून टाकतो. आणि फक्त हितानोच खरे, हेही चूक: सिल्वेरियो हितानो नव्हता, थोर गिटारवादक पाको दे लुसियाही नव्हता.

गाणं कळत नाही म्हणून सोडून द्यायचं, हा त्या सल्ल्यातला सगळ्यात नुकसान करणारा भाग. फ्लामेंकोचा कणा गाणं आहे. कडवी तीन-चार ओळींची. एकेक अक्षर इतकं ताणलेलं आणि वळवलेलं की स्पॅनिश येणाऱ्यालाही शब्द निसटतात. मार्तिनेते हा प्रकार गिटारशिवाय गातात, त्याचं नातं लोहारांच्या भट्टीशी जोडलं जातं. सिगिरिया या प्रकारात मरण आणि दुःख असतं. कादिसची आलेग्रियास उजळ आणि खेळकर. एवढं माहीत असलं तरी ऐकणं बदलतं. नर्तकीकडे पाहताना कान गायकाकडे ठेवा. ती का थांबली, का उसळली, ते आपोआप उमगू लागेल.

राहिल्या टाळ्या. मंचावरच्या टाळ्या हे तालवाद्य आहे, कधी बंद तळव्यांचं, कधी खणखणीत. प्रेक्षकांतून मध्येच पडलेली टाळी गायकाचा ताल मोडते. गाण्यात सामील व्हायचंच असेल तर डिसेंबरात हेरेसला जा. नाताळाच्या आधीच्या आठवड्यांत तिथे अंगणांत आणि चौकांत ‘साम्बोम्बा’ नावाच्या नाताळगीतांच्या मैफली भरतात. बऱ्याच ठिकाणी तिकीट नसतं, सगळा मोहल्ला गातो आणि तिथे टाळ्या वाजवायला कुणाची ना नसते.